घरी वाजवायला ट्यूब अँप: अर्धा वॅट की अटेन्युएटर?

घरी गिटार वाजवायला ट्यूब अँप (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर) घ्यायचाय. जुळे सोलापुरात फ्लॅट, भिंतीपलीकडे बारावीचा मुलगा. गिटार टेलिकास्टर, ब्लूज आणि थोडं हार्ड रॉक वाजवतो, म्हणून क्लीन (स्वच्छ आवाज) आणि ड्राइव्ह (फाटका, खरखरीत आवाज) दोन्ही हवेत. मित्राचा फेंडर ब्लूज ज्युनिअर अँप वाजवून पाहिला. क्लीन झकास, पण १५ वॅटचा. मास्टर (एकूण आवाजाची नॉब) अगदी खाली ठेवला की आवाज पातळ, जरा वर नेला की खिडकीच्या काचा बोलायला लागतात. मॉडेलिंग (ट्यूब अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारे अँप) कृपया सुचवू नका, वापरून झालंय.

मार्शल डीएसएल५ आणि ब्लॅकस्टार एचटी-५आर एमके२ हे अँप डोक्यात आहेत. दोन्ही ५ वॅटवरून अर्ध्या वॅटवर येतात. ऐकायला पुण्याला जावं लागेल. बजेट ६० हजार, सेकंडहँड चालेल. अर्ध्या वॅटवर घरच्या आवाजात ड्राइव्ह भरदार लागतो का, की १५ वॅटचा घेऊन अटेन्युएटर (अँप आणि स्पीकरच्या मध्ये लावून आवाज कमी करणारं यंत्र) लावावा?