इनडोअर शोमधल्या स्टेशन वॅगन: मूळ आणि कस्टम एकाच रांगेत का?

डिकीतला दिवा:
अमेरिकन वॅगनचं (छत थेट मागेपर्यंत, मागे सामानाला मोठी जागा अशी घरगुती गाडी) इनडोअर प्रदर्शन असलं की फॅक्टरीतून आली तशी जपलेली गाडी आणि एअर सस्पेन्शनवर (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे, हवा सोडली की गाडी खाली बसते) जमिनीला टेकवलेली कस्टम गाडी शेजारीशेजारी उभ्या असतात. गर्दी अर्थातच टेकवलेलीभोवती. माझं मत स्पष्ट आहे: मूळ रूपात उरलेली वॅगन कापू नये, म्हणजे कापून-बदलून कस्टम करू नये, आणि बक्षिसाचे गट वेगळेच हवेत. दोन दारी, उतरत्या छताच्या कूपे गाड्या लोकांनी हौसेने सांभाळल्या. वॅगन मात्र मुलं, कुत्री, गोण्या वाहता वाहता झिजल्या आणि भंगारात गेल्या.

पाना नंबर बारा:
गट वेगळे, मान्य. 'कापू नये' अमान्य. मूळ म्हणजे नक्की काय हो? फोर्डची कंट्री स्क्वायर बघा. 1951 पर्यंत खऱ्या लाकडाची बॉडी. 1952 मध्ये स्टीलची आली, आणि पुढे त्यावर लाकडाच्या रेषा छापलेलं विनाइल. कंपनीने चिकटवलेला देखावा पवित्र, आणि मी तो सोलून एकरंगी पेंट मारला की पाप? शिवाय सडत पडलेल्या चार दारी वॅगनवर पैसा लावतं कोण? एलएस (जनरल मोटर्सचं नंतरच्या काळातलं ताकदवान V8) इंजिन बसवणारेच ना!

जुनंपानं:
पेंटचं सोडा, तो परत मारता येतो. जनरल मोटर्सच्या 1971 ते 76 च्या मोठ्या वॅगन घ्या. मागे क्लॅमशेल: काच वर छतात शिरते, खालचं दार फरशीखाली सरकतं. (सगळ्या गाड्यांत खालचं दार मोटरवर नव्हतं, काहींत हातानेच ढकलायचं.) आता कस्टमवाले एअर टाकी आणि कॉम्प्रेसर कुठे कोंबतात? नेमके त्याच फरशीखाली. मग दार कायमचं बंद. आणि असली यंत्रणा चालवून दाखवायला इनडोअर शोइतकी चांगली जागा नाही, ना पाऊस ना धूळ. तिथेच ही मंडळी मागचं दार मिटून, खालचं काम दिसावं म्हणून गाडीखाली आरसे मांडतात.

सावकाश:
दोन्हीकडून ताणताय. शेव्हर्लेची नोमॅड मुळात शोच्याच मंचावरून आली: 1954 च्या मोटोरामात (जनरल मोटर्सचा स्वतःचा शो) कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या तोंडाची वॅगन मांडली, 1955 ला दोन दारांची नोमॅड विक्रीला. दिसायला देखणी, पण मागच्या तिरक्या दारातून पाणी आत यायचं ही तेव्हाचीच तक्रार. कुणी सील बदललं तर गुन्हा झाला का?

जुनंपानं:
सील बदलणं ही दुरुस्ती. विषय भरकटवू नका.

पाना नंबर बारा:
बरं, 1994-96 ची ब्यूइक रोडमास्टर चालेल कापायला? 5.7 लिटरचं एलटी1 V8 इंजिन, 260 हॉर्सपॉवर. इंजिन बदलायचीही गरज नाही, नुसती खाली बसवायची.

डिकीतला दिवा:
ती बसवा खुशाल, अजून मिळतात. पण परीक्षकाने मागचं दार उघडून, सीट पाडून बघावं, एवढी अट ठेवाच. सबवूफरशिवाय काही मावत नसेल तर ती गाडी कूपेंच्या रांगेत.

पाना नंबर बारा:
सबवूफरवाल्यांना खुशाल तिकडे पाठवा, मी स्वतः ढकलायला येतो. माझी टाकी मात्र फरशीखालीच राहणार.