कॅरॅव्हॅनमध्ये मिक्सर लावला की इन्व्हर्टर बंद पडतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत राहतो. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅरॅव्हॅन करून घेतली आहे. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली, १२ व्होल्टचा १००० वॉटचा इन्व्हर्टर पार मागच्या कपाटात. मध्ये ६ स्क्वेअर एमएमची लाल-काळी वायर, साधारण चार मीटर.

दिवे, पंखा, लॅपटॉप रात्रभर चालतात. पण मांडूला गेलो तेव्हा आईनं चटणीसाठी ५०० वॉटचा मिक्सर लावला. एकदा घुर्र झालं, इन्व्हर्टरनं शिट्टी मारली आणि 'लो बॅटरी'चा लाल दिवा लागला. तीनदा तेच. खोबऱ्याचे तुकडे तसेच चावत जेवलो.

इन्व्हर्टरवाला म्हणतो बॅटरी गेली, बॅटरीवाला म्हणतो इन्व्हर्टर गेला. बॅटरीवर मीटर लावला तर १२.७ व्होल्ट दाखवतो. आता कोणाचं ऐकू?

जाता जाता अजून एक. देवासला आत्याकडे बोर्डातून एक्स्टेंशन घेऊन गाडीला लाइट दिली, तर दाराच्या हँडलला हाताला झिणझिण्या येत होत्या.

प्रतिसाद १
भाऊ, दोघांचंही ऐकू नका, आधी वायर बघा. ५०० वॉटचा मिक्सर म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला, इन्व्हर्टरची घट धरून, जवळजवळ ५० अँपिअर. करंट जाणार चार मीटर, परत येणार चार मीटर, म्हणजे तुमची वायर आठ मीटर झाली. ६ एमएमच्या तांब्यात तेवढ्यात सव्वा व्होल्टच्या वर गळतो, आणि मोटर सुरू होताना तर करंट दुप्पट-तिप्पट. म्हणून इन्व्हर्टरला बॅटरी उतरल्यासारखी वाटते. नुसत्या बॅटरीवर मीटर धरून यातलं काही दिसत नाही, लोड चालू असतानाच मोजायचं. मिक्सर नको, मीटर वाचायच्या आत बंद पडेल. शंभरचे दोन पिवळे बल्ब लावा आणि आधी बॅटरीवर, मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मोजा.

प्रतिसाद २
झिणझिण्या हसण्यावारी नेऊ नका. एक्स्टेंशन दोन पिनचं असणार किंवा बोर्डाला अर्थिंगच नसणार. तीन पिनचं घ्या, बॉडी अर्थला जोडा, आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) बसवा. आणि घरची लाइट व इन्व्हर्टरचं आउटपुट एकाच बोर्डात जोडलंय का? मध्ये चेंजओव्हर स्विच (एका वेळी दोन्हींपैकी एकच जोडणारा) नसेल तर एक दिवस इन्व्हर्टर खरंच जळेल.

धागाकर्ता
आत्ताच मोजलं. बल्ब चालू असताना बॅटरीवर १२.५, इन्व्हर्टरवर ११.८. वीसेक अँपिअरलाच ०.७ गेले! बॅटरीकडचं काळ्या वायरचं थिंबल (टोकाला बसवतात ती धातूची टोपी) हाताला चांगलंच गरम लागलं. काढून बघितलं तर पक्कडीनं नुसतं चेपलेलं, अर्ध्या तारा बाहेर. एक्स्टेंशन दोन पिनचंच निघालं. चेंजओव्हर आहे, सुटलो. आता महाराणी रोडवरून जाड वायर आणू का?

प्रतिसाद १
चार मीटर जाड वायर घेण्यापेक्षा इन्व्हर्टरच पुढे आणा. मागे मग २३० व्होल्टची साधी वायर न्या, त्यात हाच मिक्सर सव्वादोन अँपिअर घेईल. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत मीटरभर ३५ एमएमची वायर, थिंबल क्रिम्पिंग मशीननं दाबून, आणि पॉझिटिव्हला बॅटरीच्या अगदी जवळ १०० अँपिअरचा डीसी फ्यूज. हल्लीच्या जुगाडात नेमका हा फ्यूजच मला दिसत नाही. मात्र बॅटरीच्या खोक्यात इन्व्हर्टर ठेवू नका. ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते. मध्ये बंद फळी हवी आणि बॅटरीच्या कप्प्याच्या वरच्या बाजूनं गाडीबाहेर जाणारी नळी.

धागाकर्ता
सीटखाली फळी टाकली तर जेमतेम बसेल, पण इन्व्हर्टरच्या पंख्याला हवा कुठून? दोन बोटं जागा उरते.

प्रतिसाद १
मग सीटच्या पाठीला उभा लावा.