अनुभव धागा : हायस्कुलात 'जपानी २' घेतलेली मुलं आणि त्यांचे आईबाप

धागाकर्ती, सॅन होजे

चिरंजीव ऑगस्टमध्ये सॉफमोर (दहावीत) होणार. गेल्या वर्षीचं 'जपानी १' म्हणजे निव्वळ मजा होती. कागदाचे बगळे, तास सुरू होताना उभं राहून वाकणं, हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांची प्रत्येकी ४६ अक्षरं, आणि फ्रीजवर चिकटवलेला शंभरात अठ्ठ्याण्णवचा पेपर. आता सेन्सेईंचं (म्हणजे जपानीच्या शिक्षकांचं) दोन पानी पत्र आलंय. रोमाजी, म्हणजे इंग्रजी अक्षरांत जपानी लिहिणं, पूर्ण बंद. दर शुक्रवारी कांजीची (चिनीतून आलेल्या चित्राक्षरांची) क्विझ. अधूनमधून समोर बसून तोंडी परीक्षा. भाषांतराचं अ‍ॅप वापरलेलं दिसलं तर शून्य. खाली पालकांची सही. मला जपानीतलं ओ की ठो कळत नाही. ज्यांची पोरं यातून गेलीत त्यांनी हातचं राखून न ठेवता लिहा.

एक आई, फ्रीमाँट

पहिलं संकट म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. अडीच महिन्यांत लेक हिरागाना बरीच विसरली आणि काताकाना तर साफ. दुसऱ्याच आठवड्यात उजळणीची परीक्षा. काताकानात 'शि' आणि 'त्सु' जुळे भाऊ, 'सो' आणि 'न' दुसरे जुळे. लांब रेघ खालून वर ओढली की वरून खाली, एवढाच काय तो फरक. आम्ही जपानी दुकानातून आणलेल्या नूडल्स-बिस्किटांच्या पाकिटांवरची नावं वाचायला लावली, कारण बाहेरून आलेले शब्द काताकानात लिहितात. जुलैपासूनच सुरू करा, रोज दहा मिनिटं पुरतात.

तेव्हा सासूबाई इथेच होत्या. नात 'आ इ उ ए ओ, का सा ता ना हा मा या रा वा' म्हणत होती. त्या म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या मुळाक्षरांचं गणगोत!" आणि ते खरंच आहे. बौद्ध भिक्षू संस्कृत शिकले, त्यांच्याबरोबर वर्णांचा क्रमही तिकडे पोचला.

एक बाबा, ऑस्टिन

ऑक्टोबरात क्रियापदाचं 'ते-रूप' (आपल्या 'करून-खाऊन'सारखं) येतं आणि घरातली शांतता जाते. क्रियापदाच्या शेवटी काय आहे त्यावर रूप बदलतं. नोमु (पिणे) चं नोंदे, मात्सु (थांबणे) चं मात्ते, काकु (लिहिणे) चं काइते, हानासु (बोलणे) चं हानाशिते. आता जमलं म्हणावं तर इकु (जाणे) चं इत्ते, त्याला नियमच नाही. लेकीने हे सगळं गणपतीच्या आरतीच्या चालीवर बसवलं, टाळ्यांसकट. शेजाऱ्यांना वाटलं आमच्याकडे वर्षभर गणपती आहेत.

मी पुण्यात असताना दोन सत्रं जपानी केलं होतं, त्यामुळे एक गोष्ट झटकन लक्षात आली. ताबेते म्हणजे 'खाऊन'. ताबेते मिरु म्हणजे 'खाऊन बघणे', आणि मिरु म्हणजे खरोखरच बघणे. कात्ते ओकु म्हणजे 'विकत घेऊन ठेवणे', ओकु म्हणजे ठेवणे. ताबेते शिमाउ जवळजवळ आपलं 'खाऊन टाकणे', केलं ते केलं, आता परत येत नाही, ही छटा धरून. यातल्या एकेका रूपाला तिच्या इंग्रजी नोट्समध्ये अर्धं पान लागलंय. क्रियापद शेवटी, 'नो' म्हणजे चा-ची-चे, 'दे' आणि 'नी' आपल्या प्रत्ययांसारखे शब्दाच्या मागे. मी म्हटलं, वाक्य आधी मराठीत कर आणि मग जपानीत. "बाबा, क्रिंज." आठवड्याने बघतो तर वहीच्या समासात 'करून ठेव' असं मराठीत लिहिलेलं.

एक शिक्षिका, न्यू जर्सी

मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जपानी शिकले, आता इथल्या एका हायस्कुलात शिकवते. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून लिहिते.

पहिल्या वर्षी मुलं पाठ केलेली वाक्यं म्हणतात. दुसऱ्या वर्षी मला हवं असतं ते स्वतःचं वाक्य, मग ते चुकलं तरी चालेल. काल काय केलं, उद्या काय करायचंय, ते का आवडतं, परवानगी कशी मागायची, नकार कसा द्यायचा. शिवाय 'देस-मास'च्या सभ्य बोलीबरोबर मित्रांमधली साधी रूपं येतात. इथे मराठी मुलांचा फायदा व्हायला हवा, कारण तू-तुम्ही घरातच आहे. पण निम्मी पोरं घरी आजोबांनाही 'तू' म्हणतात, त्यांना सगळं पहिल्यापासून! अ‍ॅनिमेतून (जपानी कार्टून) उचललेलं रांगडं 'ओरे' (मी) आणि 'ओमाए' (तू) ही वेगळी डोकेदुखी. एकाने मला 'ओमाए' म्हटलं. मराठीत त्याचा भाव 'ए, तू' असा पडेल. मी हसले, पण मार्क कापले.

बाहेरच्यांशी बोलताना स्वतःच्या आईला 'हाहा' म्हणायचं आणि दुसऱ्याच्या आईला 'ओकाआसान', यातही मुलं हमखास अडकतात. मी सांगते, बाहेर आपण कसं 'तुमच्या मातोश्री' म्हणतो, स्वतःच्या आईला नाही म्हणत, तसंच. ऱ्हस्व-दीर्घ तर जीव घेतं: ओबासान म्हणजे काकू-मावशी, ओबाआसान म्हणजे आजी. शुद्धलेखनाला कंटाळणाऱ्यांनी इथे सावध राहावं.

कांजीबद्दल पालक फार घाबरतात. जपानमधलं पहिलीतलं पोर वर्षभरात ८० शिकतं, प्राथमिक शाळा संपेपर्यंत १०२६. माझ्या वर्गात दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस १५०च्या आसपास होतात. रोज तीन लिहिली तर काहीच नाही, गुरुवारी रात्री पंधरा लिहिली तर शुक्रवारी दुपारी एकही उरत नाही. वर्गात चिनी घरातली मुलं असतील तर त्यांना अर्थ आधीच माहीत असतात, म्हणून आपल्याला 'जमत नाही' असं आपली मुलं ठरवून टाकतात. त्या मुलांचेही उच्चार चुकतात, कारण एकाच कांजीची जपानीत दोन-तीन वाचनं असतात. आणि अ‍ॅप वापरलेलं कसं कळतं, तर न शिकवलेलं कर्मणी रूप गृहपाठात अवतरतं आणि त्याच मुलाला तोंडी 'काल काय खाल्लंस' सांगता येत नाही.

अजून एक आई, शिकागो

तारखा! १ त्सुइताची, २ फुत्सुका, ४ योक्का, ८ योओका, २० हात्सुका. प्रतिपदा-द्वितीयेसारखी वेगळीच नावं. आमच्याकडे चार आणि आठमध्ये तीन क्विझ बुडाल्या. वर एक-दोन-तीन मोजायचे शब्दही वस्तूगणिक वेगळे: पेन्सिली इप्पोन-निहोन-सांबोन, मांजरं इप्पिकी-निहिकी-सांबिकी. याला उपाय नाही, पाठांतर करा.

एक बाबा, अर्व्हाइन

व्यवहाराचं बोलतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला परभाषेची दोन वर्षं लागतात आणि तीन असावीत असं ते सुचवतात. म्हणून दुसऱ्या वर्षानंतर निम्मा वर्ग गळतो. मग आमच्या शाळेत तिसरं, चौथं आणि एपी (कॉलेजच्या पातळीचा वर्ग) एकाच खोलीत एकाच शिक्षकाकडे बसवले, मुलगा कंटाळला. पुढे जायचं असेल तर तिसऱ्या वर्षाचा वर्ग स्वतंत्र भरतो का, हे आत्ताच विचारून घ्या. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन-५ (सगळ्यांत सोपी पातळी) द्यायची असेल तर अमेरिकेत ती वर्षातून एकदाच, डिसेंबरमध्ये होते. त्यात बोलण्याची परीक्षाच नसते. आमचा एन-५ पास आहे आणि रामेनच्या दुकानात अजून बोट दाखवून ऑर्डर देतो.

एक विद्यार्थिनी, सिअ‍ॅटल (मी बोलतेय, आई टाइप करतेय)

प्लीज आम्हाला पाहुण्यांसमोर 'जपानी बोलून दाखव' म्हणू नका. दुसऱ्या वर्षी आपल्याला किती येत नाही ते पहिल्यांदा कळतं. मला डिसेंबरमध्ये सी होता. सेन्सेईंकडे जेवणाच्या सुट्टीत जाऊन बसायला लागले, नुसत्या गप्पा मारायला, तिथे सुधारलं. नवीन वर्षाची शुभेच्छापत्रं हाताने लिहायची असतात, ते मात्र बेस्ट. मी आजीला पाठवलं. तिने उलटं लावलंय भिंतीवर.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. ऑस्टिनच्या बाबांचा प्रतिसाद चिरंजीवांना वाचून दाखवला, त्यांनी नाक मुरडलं. काल रात्री शिऱ्याचं पातेलं रिकामं. विचारलं तर खोलीतून उत्तर आलं, "ताबेते शिमाइमाशिता."

पत्रावर सही केलीय.