9 वर्षांची लॅब्राडॉर: रक्ततपासणी नॉर्मल आली, आता आणखी काय बघायचं?

रानजाई
लॅब मादी, वय 9, वजन 36 किलो, नसबंदी केलेली नाही. दोन वेळा चिकन-भात, मधेमधे पोळी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) 1.1 आलंय. उठताना मागचे पाय फरशीवर घसरतात. वर्षातून एकदा रक्त तपासलं की पुरे ना? घरी कशावर लक्ष ठेवू?

टेकडीवरचा
या वयात दर सहा महिन्यांनी तपासा. आणि नुसत्या क्रिएटिनिनवर निर्धास्त राहू नका. मूत्रपिंडांचं साधारण 75 टक्के काम थांबल्यावर ते चढतं. शिवाय म्हातारपणी स्नायू झिजले की आकडा आहे त्यापेक्षा बरा दिसतो. सोबत एसडीएमए ही मूत्रपिंडांचीच दुसरी रक्ततपासणी करून घ्या, ते त्याच्या बरंच आधी वाढतं. लघवीची तपासणीही हवीच, स्पेसिफिक ग्रॅव्हिटीसकट, म्हणजे लघवी किती घट्ट की पातळ ते कळतं.

लघवी सकाळची पहिली घ्या. मादी अगदी खाली बसते, त्यामुळे खोल वाटी आत जात नाही. उथळ ताटली लांब दांड्याला बांधा आणि धार सुरू झाल्यावरच मागून हळूच सरकवा. आधी सरकवली तर ती उठून चालू लागते. ताटलीला साबणाचा अंश राहिला तर रिपोर्ट चुकतो. तासाभरात लॅबमध्ये पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा.

घरी पाणी मोजा. सकाळी 4 लिटर मोजून ठेवा, कमी पडलं तर मोजूनच भर घाला, 24 तासांनी उरलेलं वजा करा. असं तीन दिवस. किलोमागे 100 मिली, म्हणजे तुमच्याकडे 3.6 लिटरच्या वर गेलं तर डॉक्टरांकडे न्या. पाणी तोडू मात्र नका, कधीच.

पाऊलवाट
पाणी वाढण्याचं आणखी एक कारण तुमच्या बाबतीत जास्त तातडीचं आहे: गर्भाशयात पू होणं, पायोमेट्रा. माज संपल्यावर साधारण महिना-दोन महिन्यांत होतो. खूप पाणी पिणं, जेवण टाकणं, उलट्या. स्राव दिसेलच असं नाही. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर पू आतच साठतो, आणि तोच प्रकार जास्त घातक. अशा वेळी उद्यावर ढकलू नका. ती धडधाकट आहे तोवर, दोन माजांच्या मधल्या काळात नसबंदीचं डॉक्टरांशी बोला. भूल देण्याआधी हृदय तपासून घ्या. त्याच भुलेत दातांचं स्केलिंग करता येईल का, तेही विचारा.

मोती_आणि_मी
36 किलो जास्त आहे हो. लॅब मादी साधारण 25 ते 32 किलोची असते. बरगड्यांवरून तळहात फिरवा, न दाबता हाताला लागल्या पाहिजेत. 2002 साली छापून आलेल्या 48 लॅब्राडॉरांच्या अभ्यासात, 25 टक्के कमी खाणारे कुत्रे जवळपास 1.8 वर्षं जास्त जगले. आधी पोळी बंद, मग भात कमी. चिकन तेवढंच ठेवा, नाहीतर स्नायू जातील. आठवड्याला 350 ग्रॅम उतरलं तरी छान. आणि नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम फारच कमी पडतं, डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

पाय घसरतात त्यावर: चालताना फरशीवर नखं टकटक वाजत असतील तर ती वाढलीत. ती कापा, पंजाच्या गाद्यांमधले केस कातरा, उठण्या-बसण्याच्या जागी रबरी मॅट टाका. तरी लंगडली तर सांध्यांचा एक्स-रे. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यातलं काहीही देऊ नका.

रानजाई
मोजलं. तीन दिवसांची सरासरी 2.1 लिटर. पावसाळ्याआधी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) लस परत घ्यावी का?

टेकडीवरचा
2.1 ठीक आहे, तारीख घालून लिहून ठेवा. लेप्टो दर वर्षी, वयाची सवलत नाही. मागच्या डोसला वर्षाहून बराच काळ झाला असेल तर 3-4 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागू शकतात, म्हणून मे उजाडायच्या आत विचारा.