मतदाराच्या ओळखीवर आक्षेप, प्रदत्त मत आणि फेरमोजणी: प्रतिनिधीने नेमकं काय करायचं?

प्रश्न : टिपणवही

मतदान केंद्रावर आणि मतमोजणीच्या टेबलावर पहिल्यांदाच बसणाऱ्या, उमेदवाराच्या प्रतिनिधींसाठी टिपण तयार करतोय. विधानसभेचे नियम आधी हवेत, मग महापालिका आणि ग्रामपंचायतीला काय वेगळं ते. तीन ठिकाणी अडलंय.

समोरचा माणूस खरा मतदार नाही अशी खात्री असेल तर आक्षेप कसा नोंदवायचा? आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर मतदाराने काय मागायचं? आणि फेरमोजणी कोण, कधी मागू शकतो? निकाल जाहीर झाल्यावर अर्ज केला तर चालतो, असं एक जण छातीठोकपणे सांगत होता.

उत्तर : केंद्रापाशी

आक्षेप फक्त ओळखीवर घेता येतो, हे टिपणात सगळ्यात वर लिहा. "हा गावात राहत नाही", "हिचं वय अठरा नाही" हे मुद्दे त्या दिवशी चालत नाहीत. नाव यादीत असेल आणि माणूस तोच असेल, तर तो मत देणार. वय फारच कमी वाटलं तर केंद्राध्यक्ष त्याच्याकडून वयाचं घोषणापत्र लिहून घेतो, पण ते आक्षेपाच्या वाटेने नाही. यादीवरच्या हरकती मतदानाच्या आधी, यादी दुरुस्तीच्या काळात घ्यायच्या असतात.

निवडणूक संचालन नियम, १९६१ प्रमाणे दर आक्षेपामागे दोन रुपये रोख केंद्राध्यक्षाकडे भरायचे. सुट्टी नाणी खिशात ठेवा आणि पावती घ्या. पहिला मतदान अधिकारी नाव मोठ्याने वाचतो तेव्हाच बोला. शाई लागून बटण दाबलं गेलं की आक्षेपाला अर्थ उरत नाही.

यानंतर केंद्राध्यक्ष त्या व्यक्तीला तोतयेगिरीच्या शिक्षेची जाणीव करून देतो, यादीतली नोंद वाचून दाखवतो, आक्षेपित मतांच्या यादीत, म्हणजे नमुना १४ मध्ये, नाव-पत्ता लिहून सही घेतो आणि तिथल्या तिथे संक्षिप्त चौकशी करतो. पुरावा आधी तुम्ही द्यायचा. नवखे प्रतिनिधी नेमके इथे फसतात. नुसतं "मी ओळखतो, हा तो नाही" म्हटलं की आक्षेप फेटाळला जातो. रांगेतला शेजारी किंवा गावचा कर्मचारी ओळख सांगायला तयार असेल तर त्याचं नाव लगेच सांगा. आक्षेप निव्वळ खोडसाळ ठरला तर पैसे सरकारजमा होतात, नाहीतर चौकशी संपताच परत मिळतात. सिद्ध झाला तर त्या व्यक्तीला मत देता येत नाही आणि लेखी तक्रारीसह पोलिसांच्या ताब्यात दिलं जातं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७४ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे असते. त्यातलं नाव सांगून कुणी आलं तर ओळखपत्राची तपासणी कडक होते का, सहीबरोबर अंगठा घेतात का, ते पाहा. केवळ त्या यादीत नाव आहे म्हणून कुणाला मत नाकारता येत नाही. आणि रांगेतल्या निम्म्या लोकांवर आक्षेप घेत सुटू नका. मतदान रेंगाळतं, खरे मतदार कंटाळून घरी जातात, आणि तुमच्या योग्य आक्षेपाकडेही कुणी गांभीर्याने बघत नाही.

उत्तर : सतरासी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आपल्या नावावर मत पडलेलं आहे असं कळलं की मतदाराने परत फिरायचं नाही. केंद्राध्यक्ष प्रश्न विचारून ओळख पटवून घेतो आणि पटली तर प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे अशा मतदारासाठीची वेगळी कागदी मतपत्रिका, देतो. मशीनचं बटण दाबू देत नाहीत. मतदार नमुना १७-बी मध्ये, म्हणजे प्रदत्त मतांच्या यादीत, सही करतो, कागदी मतपत्रिकेवर बाणफुलीचा शिक्का मारतो आणि घडी करून केंद्राध्यक्षाकडे देतो. ती वेगळ्या पाकिटात जाते.

ही मतं मतमोजणीत धरत नाहीत. त्यांचा उपयोग होतो तो निवडणूक याचिकेत. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याचा निकाल एका मताने लागला आणि प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून मतदाराला कागद नाकारला जात असेल तर प्रतिनिधीने शांतपणे पण ठामपणे १७-बी ची आठवण करून द्यावी.

मतदान संपल्यावर नमुना १७-सी ची, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नका. कंट्रोल युनिटचा (मतं साठवणाऱ्या मशीनच्या भागाचा) क्रमांक, मोहोरांचे क्रमांक आणि एकूण मतं त्यावर असतात. सकाळी मतदानाच्या दीड तास आधी पोहोचा. अभिरूप मतदानात, म्हणजे मशीनच्या चाचणीत, किमान ५० मतं टाकतात, त्यानंतर "क्लिअर" दाबून आकडा शून्य झालेला स्वतः पाहा. हे राहून गेलं तर मोजणीच्या दिवशी त्या मशीनचा आकडा १७-सी शी जुळत नाही.

उत्तर : फेरीगणिक

निकाल जाहीर झाल्यावर फेरमोजणी मागता येत नाही. छातीठोकपणे सांगणारा चुकला आहे. १९६१ च्या त्याच नियमांतल्या नियम ६३ मधला क्रम असा: शेवटच्या फेरीनंतर निवडणूक निर्णय अधिकारी नमुना २० मध्ये प्रत्येकाची एकूण मतं लिहून वाचून दाखवतो आणि थांबतो. हीच वेळ. उमेदवार, तो नसेल तर त्याचा निवडणूक प्रतिनिधी किंवा मतमोजणी प्रतिनिधी लेखी अर्ज देतो. अर्ज लिहायला वेळ हवा असेल तर तसं लगेच सांगा, वाजवी वेळ द्यावाच लागतो. निकालपत्रकावर सही झाली की दार बंद.

अर्ज मान्य करायचा, अंशतः मान्य करायचा की फेटाळायचा, हे अधिकारी कारणांसह लेखी देतो. "फरक कमी आहे" एवढ्यावर अर्ज सहसा टिकत नाही. मशीनचा आकडा पुन्हा दाबला तरी तोच येतो. चूक होते ती हाताने लिहिताना: टेबलावरच्या १७-सी भाग दोनमधला (मोजणीच्या निकालाचा) आकडा फेरीच्या तक्त्यात दुसऱ्याच उमेदवारापुढे जाणं, बेरीज चुकणं, एखादं केंद्र राहून जाणं. म्हणून प्रत्येक टेबलावरच्या माणसाने केंद्र क्रमांक आणि आकडे तिथेच टिपावेत आणि फेरीअखेर ताळा करावा. अर्जात केंद्र क्रमांक, दोन्ही आकडे आणि फरक लिहा. असा अर्ज फेटाळायला ठोस कारण द्यावं लागतं.

व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मोजायच्या असतील तर वेगळा अर्ज, नियम ५६-डी खाली, तोही याच वेळेत. चिठ्ठ्या आणि मशीन यांत फरक निघाला तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात.

टपाली मतांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि खरी उलथापालथ तिथेच होऊ शकते. घोषणापत्रावर सही किंवा साक्षांकन नाही, मतपत्रिकेचा क्रमांक जुळत नाही, अशा कारणांनी ती बाद होतात. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर निकालाआधी सगळी बाद मतं पुन्हा तपासणं निवडणूक आयोगाने बंधनकारक केलंय. त्यासाठी त्या टेबलावर तुमचा सगळ्यात जाणता माणूस बसवा.

निकालानंतर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत पाच टक्के मशीनच्या मायक्रोकंट्रोलरची (आतल्या चिपची) तपासणी मागता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २६ एप्रिल २०२४ चा निर्णय आहे. ती फेरमोजणी नव्हे. निकालालाच आव्हान द्यायचं तर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका.

टिपणवही

स्थानिक निवडणुकांचं? आणि सामान्य नागरिक निरीक्षक म्हणून आत बसू शकतो का?

उत्तर : केंद्रापाशी

निरीक्षक हा आयोगाने नेमलेला अधिकारी असतो. केंद्रात कोण असावं याची यादी नियमातच आहे. आयोगाचं अधिकारपत्र नसलेल्या नागरिकाला मत देण्यापुरतंच आत जाता येतं. तक्रार असेल तर निरीक्षकाला लेखी द्या आणि पोच घ्या.

महापालिका, ग्रामपंचायत वगैरे निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि प्रत्येक संस्थेचे कायदे-नियम वेगळे असतात. वरचे नियम क्रमांक तिथल्या अर्जात लिहू नका. व्हीव्हीपॅट तिथे नसतं, त्यामुळे चिठ्ठ्या मोजण्याचा प्रश्नच येत नाही. बहुसदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड जागांची मोजणी वेगळी होते, अर्जात जागा स्पष्ट लिहा. मतं समान पडली तर चिठ्ठी टाकतात. २०१७ मध्ये मुंबईच्या प्रभाग २२० चा निकाल तसाच लागला.

निकालाला आव्हान देण्याच्या मुदती मात्र फार छोट्या आहेत: महापालिकेसाठी १० दिवस, ग्रामपंचायतीसाठी १५. वकील गाठायचा असेल तर निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, केंद्रावर मिळालेल्या मतांच्या हिशेबाच्या प्रती आणि अर्जाची पोच बरोबर घेऊन.