एबलटन लाइव्ह 12 (संगीत बनवायचं सॉफ्टवेअर) : जुने सेट (त्यात सेव्ह केलेली गाणी) न मोडता सॅम्पलचे फोल्डर कसे लावायचे?

काळी_चार
विंडोज, बाहेरची एसएसडी, साधारण 180 जीबी वेव्ह फायली. ढोलकी, हलगी, संबळ आणि विकतचे पॅक. निम्म्यांचं नाव 'लूप_01'. वाद्यवार फोल्डर करून फक्त हलगी हलवली, तर तीन जुन्या सेटमध्ये फायली सापडत नसल्याची पट्टी आली. उरलेलं कसं हलवू? आणि लाइव्ह प्रत्येक सॅम्पलशेजारी बनवतो त्या .एएसडी फायलींची गर्दी उडवली तर चालेल का?

तालमात्रा
हलगी आधी होती तिथे परत ठेवा. सेटमध्ये आवाज नसतो, फाइलचा पत्ता असतो. मग जे सेट पुढे लागणार आहेत ते एकेक उघडून फाइल मेनूतलं 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' करा. खिडकीत चार पर्याय येतात. 'एल्सव्हेअर'ला (इतर ठिकाणच्या फायली) येस हवंच. एबलटनच्याच फॅक्टरी पॅकला नो चालतं, प्रोजेक्ट दुसऱ्याच्या मशीनवर जाणार नसेल तर. फायलींची प्रत प्रोजेक्टच्याच फोल्डरात उतरते. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ स्टिरिओला मिनिटाला 17 एमबी लागतात, म्हणजे जागेची चिंता नको. हे झाल्यावर हवं ते हलवा, नावं बदला.

थाप_आणि_घुमारा
नावांचं काम टाळू नका. हरवलेली फाइल लाइव्ह नावावरून शोधतो. 'लूप_01' पाच ठिकाणी सापडली की निवड तुमच्या गळ्यात. वाद्य, ताल, टेम्पो, सूर, क्रमांक असा क्रम धरा : 'ढोलकी_केरवा_96_काळी4_03', अर्थात रोमन लिपीत. '6/8' लिहू नका, विंडोजला नावात तिरकी रेघ चालत नाही. टेम्पो बरोबरीत मोजायचा की दुगुनीत ते एकदाच ठरवा, नाहीतर एकच धुमाळी 90 ला आणि 180 ला अशी दोनदा सापडेल. हलगीला सूर लिहिण्यात अर्थ नाही, शेकली की चढतो.

तालमात्रा
.एएसडीबद्दल : 'उडवा, परत तयार होतात' हा सल्ला अर्धाच खरा. लहरींचं चित्र परत तयार होतं. पण क्लिपमधलं सेव्ह बटण दाबून हाताने बसवलेले वॉर्प मार्कर (लूप टेम्पोला जुळवणाऱ्या खुणा) त्याच फाइलीत असतात, ते कायमचे जातात. ढोलकीच्या लूपवर ऑटो वॉर्प हमखास सम चुकवतो, म्हणजे ते काम पुन्हा करायचं. वेव्हचं नाव बदललंत तर .एएसडीचंही तसंच बदला, नाहीतर जोडी तुटते.

काळी_चार
समजलं. आणि डुप्लिकेट?

थाप_आणि_घुमारा
डुपगुरू, डुप्लिकेट शोधायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. तुलना नावावर नको, 'कंटेंट्स'वर लावा. नवीन लायब्ररीला 'रेफरन्स' करा म्हणजे तिथलं काही पुसलं जाणार नाही, आणि प्रोजेक्टचे फोल्डर 'एक्सक्लूड'. नाहीतर आत्ता गोळा केलेल्या प्रतीच तो डुप्लिकेट म्हणून दाखवेल. शिवाय डिस्क मॅनेजमेंटमध्ये एसएसडीला एस: असं शेवटाकडचं अक्षर देऊन टाका. ई: ची एफ: झाली की सगळे पत्ते एकदम चुकतात.