लघुग्रहाचं बारसं नक्की कोण करतं?

सांगलीची_आत्या
माझी भाची नववीत आहे. तिच्या शाळेतल्या मुलांनी लघुग्रह शोधायच्या कॅम्पेनमधे भाग घेतला होता, म्हणजे लॅपटॉपवर आकाशाचे एकाच जागेचे चार फोटो मागेपुढे करून बघायचे आणि कुठला ठिपका सरकतोय ते पकडायचं. आता सर्टिफिकेट आलंय, त्यावर प्रिलिमिनरी डिस्कव्हरी असं लिहिलंय, आणि लगेच एका पेपरात बातमी की लघुग्रहाला आमच्या पोरीचं नाव!! वहिनीने पेढे पण वाटून टाकले. पण मी सर्टिफिकेट नीट वाचलं तर नाव कुठेच नाही, नुसती अक्षरं न आकडे. मग नाव ठेवतं कोण आणि कधी? बारशाला आत्या लागणार असेल तर मी तयारच आहे 😀

ध्रुवबाळ
आधी भाचीचं अभिनंदन, ठिपके शोधणं वाटतं तेवढं सोपं नसतं, डोळे फुटतात. पण पेढे जरा घाईत झाले. प्रिलिमिनरी म्हणजे "काहीतरी हललेलं दिसलंय बुवा" एवढंच. मग दुसऱ्या कोणीतरी दुर्बिणीतून तो परत बघावा लागतो, मग तात्पुरता नंबर. मग कक्षा पक्की कळेपर्यंत वर्षानुवर्षं निरीक्षणं, तेव्हा कुठे कायमचा क्रमांक, आणि क्रमांक मिळाल्याशिवाय नाव नाही. क्रमांक मिळाला की ज्याच्या नावावर शोध लागलाय त्याला नाव सुचवायला १० वर्षं मिळतात, आणि सुचवलेलं नाव मंजूर करते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती. म्हणजे आत्या ती समिती, तुमचा चान्स गेला.

शोधणाऱ्याने स्वतःचंच नाव द्यायची रीत नाही बरं का. बाकी अटी पण आहेत, रोमन लिपीत १६ अक्षरांच्या आत बसलं पाहिजे, राजकारणी किंवा लष्करी माणूस असेल तर मरून १०० वर्षं झालेली पाहिजेत (आपल्याकडे चौकांना हा नियम लावला तर किती चौक बिननावाचे राहतील), कंपनी किंवा प्रॉडक्टचं नाव तर नाहीच.

कुतूहलराव
ती अक्षरं न आकडे म्हणजे काय पण? माझ्या ऑफिसातल्या फायलींचे नंबर असतात तसंच दिसतं.

ध्रुवबाळ
फाईलच ती. पुढे मिळणारा तात्पुरता नंबर कसा वाचायचा ते सांगतो, उदा. २००६ व्हीपी३२ घ्या. २००६ साल. व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, वर्षाचे २४ पंधरवडे आणि प्रत्येकाला एक अक्षर, आय गाळून कारण तो एकच्या आकड्यासारखा दिसतो. पी म्हणजे त्या पंधरवड्यातला १५ वा. २५ अक्षरं संपली की परत ए पासून सुरू आणि मागे आकडा लागतो, म्हणून ३२ गुणिले २५ अधिक १५, त्या पंधरवड्यातला ८१५ वा. भाचीला तात्पुरता नंबर मिळाला की त्यावर हे करून बघा, तिला मजा येईल.

आणि हाच व्हीपी३२ आता कोण आहे माहितीये? पंडित जसराज! २०१९ मधे नाव मिळालं. क्रमांक ३००१२८, आणि पंडितजींचा जन्म २८-०१-३०. जोड्या उलट्या वाचा. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

मेरूपर्वत
जुने किस्से तर भारी आहेत. पहिला सेरेस, १ जानेवारी १८०१, सिसिलीत पियात्सीने शोधला. त्याने नाव दिलं सेरेस फर्डिनांडिया, देवीला पण खूश आणि राजाला पण. राजाचं नाव बाकीच्या देशांना पचलं नाही, देवी तेवढी राहिली. पुढे बरीच वर्षं बहुतेक देवीच. ६७ वा आशिया मद्रासच्या वेधशाळेतून पॉगसनने १८६१ साली शोधला, आशिया खंडातून सापडलेला पहिला म्हणून आशिया! पुढे १९८८ मधे तमिळनाडूतल्याच कावलूरहून राजमोहन यांनी एक शोधला, तो ४१३० रामानुजन.

पण माझा सगळ्यात आवडता किस्सा श्ट्राकेचा. जर्मनीत कक्षांची गणितं करणारा हा माणूस, म्हणाला माझं नाव कुठल्याही लघुग्रहाला देऊ नका. राइनमुट नावाच्या त्याच्या मित्राने काय केलं, १२२७ पासून १२३४ पर्यंत आठ लघुग्रहांना वनस्पतींची नावं दिली, जेरेनियम, स्कॅबिओसा, टिलिया, रिसिया, ऑरिक्युला, कॉर्टुसा, कोब्रेसिया, एलिना. रोमन लिपीतली पहिली अक्षरं जोडा, जी. श्ट्राके! नाव तर दिलं नाही म्हणायला मोकळा 😂

कुतूहलराव
एक नंबर!! बाय द वे ते पैसे भरून ताऱ्याला बायकोचं नाव देता येतं ते काय मग? मी ॲनिव्हर्सरीला घेतलंय 🙈

ध्रुवबाळ
सर्टिफिकेट फ्रेम करा आणि वहिनींना हा धागा दाखवू नका. ते विकणारे लोक वेगळे, खगोलवाले ती नावं धरत नाहीत. लघुग्रहाचं खरं नाव फुकट असतं, विकत मिळत नाही.

सांगलीची_आत्या
सगळ्यांना थँक्यू, भाचीला वाचून दाखवलं. तिने लगेच कागद घेऊन व्हीपी३२ चा पंधरवडा काढून बघितला. आणि म्हणते दहा वर्षं लागली तरी चालेल, नाव वाघ्याच ठेवायचं, म्हणजे आमचा कुत्रा. चालेल का हो?

मेरूपर्वत
अवघड आहे. १९७१ मधे सापडलेल्या एका लघुग्रहाला शोधणाऱ्याने आपल्या मांजराचं नाव दिलं, २३०९ मिस्टर स्पॉक. त्यावर इतकी बोंब झाली की पाळीव प्राण्यांची नावं नकोत असं सांगून टाकलं. मांजराचं नाव मात्र काढलं नाही, ते अजून फिरतंय वर.

सांगलीची_आत्या
हे तिला सांगितलं. आता ती मांजरावर चिडलीये.